बोनसराव

गणपती गेले, घट बसले, की कारखान्याच्या कँटीनमध्ये, सहकारी बँकेच्या काउंटरमागे, पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात एक प्रश्न फिरायला लागतो : ‘यंदा किती?’ वाक्यात ना कर्ता, ना क्रियापद. तरी कुणाबद्दल चाललंय हे कालपरवा लागलेल्या शिपायालाही कळतं. बोनसराव निघालेत.

तुमची त्यांची गाठ दर दिवाळीला पडत असेल, पण नीट ओळख असेलच असं नाही. कारण ते थांबतात कुठे? दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या येण्याची कुणकुण लागते, धनत्रयोदशीच्या आत ते स्वतः येतात आणि भाऊबीजेला ओवाळणी पडेपर्यंत निघूनही गेलेले असतात. मुक्काम आठवडाभराचा, पण उरलेलं वर्ष माणसं त्यांच्या नावावर काढतात. मुलीच्या क्लासची फी, गावच्या घराचे पत्रे, बायकोला कबूल केलेलं मंगळसूत्र, सगळं ‘बोनस आला की’. ज्याच्या येण्यावर इतक्या घरांची इतकी कामं अडून राहतात, त्याच्या अंगात थोडी मिजास येणारच.

मिजास आधी कुळाची. व्हॉट्सअ‍ॅपवर दर वर्षी एक कथा फिरते. इंग्रजांच्या आधी म्हणे पगार आठवड्याला मिळायचा. वर्षाचे बावन्न आठवडे, म्हणजे चार-चार आठवड्यांचे तेरा पगार. इंग्रजांनी महिन्याचा पगार सुरू केला, तेरावा पगार हळूच गिळला आणि तोच पुढे भांडून बोनस म्हणून परत मिळाला. बोनसराव ही कथा खोडून काढत नाहीत. आपली वंशावळ दोन-चार पिढ्या मागे गेलेली कुणाला नको असते?

खरा जन्म मुंबईच्या कापडगिरण्यांतला, १९१७ सालचा. पहिलं महायुद्ध चालू होतं, गिरण्यांची चांदी होत होती आणि बाजारात धान्य महाग झालं होतं. कामगार कुरकुरायला लागले तेव्हा मालकांनी पगाराला हात न लावता पगारावर १० टक्के ‘वॉर बोनस’ दिला, १९१८ मध्ये तो १५ टक्के केला. यात व्यवहार होता. पगार एकदा वाढवला की वाढला, तो मागे घेता येत नाही. बोनस मात्र पाहुणा. युद्ध संपलं की त्याला गाडीत बसवून देऊ. बोनसरावांना ओळखण्यात झालेली ही पहिली चूक. या पाहुण्याने पुढे शंभर वर्षांत एकदाही बाडबिस्तरा बांधला नाही.

त्यांचे एक सख्खे भाऊ त्याच साली अहमदाबादला जन्मले. तिथे प्लेग पसरला होता आणि कामगार शहर सोडून पळू नयेत म्हणून गिरणीमालकांनी ‘प्लेग बोनस’ सुरू केला. प्लेग ओसरल्यावर मालकांनी त्याला दार दाखवलं. १९१८ च्या सुरुवातीला त्यावरून झगडा पेटला, गांधीजी विणकरांच्या बाजूने उभे राहिले, उपोषणाला बसले आणि शेवटी ३५ टक्के वाढीवर तोड निघाली. आल्या पावली परत न जाणं हा गुण या घराण्यात तेव्हापासून आहे.

आता स्वभाव. एरवी शांत, पण ‘यंदा तुमचं जमत नाही’ एवढं ऐकलं की डोकं फिरतं. युद्धानंतर काही वर्षं मुंबईच्या गिरण्यांत नफ्यातून महिन्याच्या पगाराएवढा बोनस मिळत होता. १९२३ मध्ये नफा घसरला आणि मालकांनी सांगितलं, यंदा काही नाही. जानेवारी १९२४ मध्ये गिरण्या बंद पडल्या त्या मार्चपर्यंत. सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने निवाडा दिला, की ओळीने काही वर्षं बोनस दिला म्हणून कामगारांचा त्यावर हक्क तयार होत नाही. म्हणजे हे गृहस्थ मालकाच्या मर्जीने येणारे, मर्जीने जाणारे. हा शेरा त्यांना फार लागला. पुढची चाळीस वर्षं ते आपल्या नावाचा कागद मिळवण्यासाठी कोर्टकचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होते.

१९५० मध्ये अर्धा कागद हाती आला. श्रम अपील न्यायाधिकरणाने सूत्र घालून दिलं : ढोबळ नफ्यातून घसारा, कर, यंत्रांच्या नूतनीकरणाची तजवीज, भांडवलावरचा परतावा हे सगळं वजा करा आणि उरेल त्यात कामगारांचा वाटा धरा. म्हणजे पंगत उठल्यावर पातेल्यात जे राहील ते. मुंबईच्या गिरण्यांत त्याच वर्षी बोनसवरून ६३ दिवसांचा संप झाला, यावरून त्या वाट्यावर किती समाधान होतं ते कळावं. पुढे १९६१ मध्ये मेहेर आयोग बसला, त्याच्या अहवालावरून १९६५ मध्ये बोनस कायदा झाला. जन्मानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी जन्मदाखला मिळाला. २०१९ च्या वेतन संहितेने तो कायदा पोटात घेतला, पण दाखल्यावरचे मुख्य आकडे तेच राहिले.

ते आकडे दोन. खाली ८.३३ टक्के, वर २० टक्के. ८.३३ म्हणजे शंभरातला बारावा भाग, वर्षाकाठी एक महिना. गणितात नापास झालेल्या माणसालाही हा दशांश तोंडपाठ असतो. कंपनी तोट्यात असली तरी एवढं द्यावंच लागतं, हा बोनसरावांचा अंगावरचा पंचा. २० टक्के म्हणजे जरीचा फेटा. कुठल्याही युनियनचं सगळं राजकारण पंचा आणि फेटा यांच्यामधल्या अंतरात चालतं.

वाटाघाटी बघाव्यात. युनियन २० मागते, मॅनेजमेंट ८.३३ सांगते आणि आकडा साधारण कुठे येऊन टेकणार हे दोन्ही बाजूंना पहिल्या चहापासून माहीत असतं. तरी चार बैठका होतात. एक बैठक फिसकटते. गेट मीटिंगमध्ये पुढारी साहेबाचा उद्धार करतात, साहेब वर खिडकीत उभं राहून मोजतात की किती माणसं थांबलीत. शेवटच्या रात्री दीड वाजता सह्या होतात, सकाळी गेटवर गुलाल उधळतो, पेढ्याचा पहिला तुकडा त्याच साहेबाच्या तोंडात जातो. बोनसरावांना हा सोहळा मनापासून आवडतो. न मागता, न भांडता एखाद्या मालकाने पहिल्याच बैठकीत चांगला आकडा सांगितला, तर कामगारांनाही चुटपुट लागते : आणखी दोन टक्के ताणायला हवं होतं.

रागाची एक आठवण मात्र ते काढत नाहीत. १९८१ च्या दिवाळीत गिरणगावात बोनसच्या आकड्यावरून असंतोष उसळला आणि कामगार गेले ते युनियन पुढारी दत्ता सामंतांच्या दाराशी. तुटपुंजा पगार, बदली कामगारांचे हाल, मान्यताप्राप्त युनियनवरचा राग, दारू कितीतरी वर्षांची साठलेली होती. ठिणगी बोनसची पडली. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरणगाव पहिल्यासारखं राहिलं नाही. लालबाग-परळमधून जाताना बोनसराव अजूनही मान खाली घालून चालतात.

हिशेबाला मात्र एकदम चोख, किंबहुना कद्रू. वर्षात निदान तीस दिवस काम केलेलं हवं. एखाद्या वर्षी भरपूर उरलं आणि २० टक्क्यांच्या वर गेलं, तर जादाची रक्कम पुढच्या वर्षांसाठी मांडून ठेवायची. कमी पडलं तर तूटही मांडायची. ही येणी-देणी चार वर्षं लक्षात ठेवतात. नव्या कारखान्याला पहिली पाच वर्षं सांभाळून घेतात, नफा झाला तरच हात पुढे करतात. मात्र चोरी, अफरातफर किंवा आवारात मारामारी करून जो नोकरीवरून गेला, त्याच्या दारात पाय ठेवत नाहीत.

त्यांची ओळखही बेताची. २०१५ च्या दुरुस्तीनंतर महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ते ओळखतात, त्यापुढच्यांना कायद्याने नमस्कारही करत नाहीत. आणि ज्यांना ओळखतात त्यांनाही पूर्ण ओळखत नाहीत. हिशेब करायचा तो सात हजारांवर, किंवा त्या कामाचं किमान वेतन जास्त असेल तर त्यावर. महिना वीस हजार घेणारा माणूस बोनसच्या कागदावर अचानक बराच लहान झालेला दिसतो. तो विचारतो, ‘साहेब, माझा पगार एवढा कधी होता?’ पर्सोनेल ऑफिसातला क्लार्क हे दर वर्षी ऐकतो आणि दर वर्षी चष्मा पुसतो.

गंमत म्हणजे ज्या दिवाळीशिवाय बोनसरावांची कल्पनाच करता येत नाही, ती दिवाळी कायद्याने सांगितलेलीच नाही. कायद्याचं म्हणणं एवढंच, की हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत पैसे द्या. मार्चअखेर धरली तर तीस नोव्हेंबर. फटाके विझून, फराळाचे डबे घासून झाल्यावर आले तरी कायद्याने ते वेळेवरच. पण तसे ते आले तर काय होतं ते एकदा कारखान्यात जाऊन बघा. रक्कम तीच, टक्का तोच, पण लक्ष्मीपूजनानंतर हातात पडलेला बोनस माणसं थकलेली उधारी घ्यावी तसा घेतात. मोजतात, खिशात टाकतात, कामाला लागतात.

त्यांच्यावर वाईट दिवसही आले. सुरुवातीला खालची मर्यादा ४ टक्के होती, ती भांडून ८.३३ झाली. आणीबाणीत, १९७५ मध्ये, वटहुकूम निघाला आणि ती पुन्हा ४ वर आली. संप करायची सोय नव्हती, गेट मीटिंग घ्यायची तर बिशादच नव्हती. त्या दिवाळ्यांत बोनसराव अंग चोरून आले आणि अंग चोरून गेले. १९७७ मध्ये सरकार बदललं, तसा पंचा पुन्हा पूर्ण लांबीचा झाला. राजकारण आपल्याला कळत नाही असं ते म्हणतात, पण निवडणुकीच्या वर्षी त्यांची तब्येत सुधारते हे सगळ्यांनी पाहिलंय.

गोतावळा मोठा. रेल्वेतले थोरले काका वक्तशीर. १९७९-८० पासून उत्पादकतेशी जोडलेले, गेली कित्येक वर्षं ७८ दिवसांच्या पगारावर ठाम. ७८ दिवस ऐकायला भरघोस, पण तिथेही हिशेब सात हजारांवर, म्हणून जास्तीत जास्त १७,९५१ रुपये. महानगरपालिकेतले चुलतभाऊ स्वतःला ‘सानुग्रह अनुदान’ म्हणवून घेतात, कागदोपत्री बोनस म्हटलेलं त्यांना खपत नाही. मुंबईत २०२४ च्या दिवाळीला ते २९ हजारांचे होते. अंगणवाडी सेविकांच्या घरी धाकटी बहीण जाते, तिचं नाव ‘भाऊबीज भेट’. ती फार हळू चालते, बऱ्याचदा मोर्चा काढून तिला आणावं लागतं. कोल्हापूर-सांगलीकडे दूध संघाचा ‘फरक’ आणि साखर कारखान्याची सवलतीची साखर ही आजोळची मंडळी. ती पगारदारांकडे जात नाहीत, गोठा आणि फड असलेल्या घरी उतरतात.

आणि हिंजवडीतला पुतण्या. त्याचं नाव ‘व्हेरिएबल पे’. इंग्रजी शिकलेला, गुलाल-बिलाल त्याला चालत नाही. ईमेलने येतो, पासवर्ड घालून उघडावा लागतो, शेजारच्या टेबलावरच्याला सांगायची बंदी असते. म्हणून चहाच्या टपरीवर अर्ध्या तासात सगळ्यांना सगळ्यांचं कळतं. त्याच्या येण्याला आधी रेटिंग लागतं आणि रेटिंगला बेल कर्व्ह. मॅनेजर सांगतो, ‘तुझं काम उत्तम झालं, पण कर्व्हमध्ये बसवायला लागलं.’ अंगाला बसणाऱ्या शर्टाऐवजी शर्टाला बसेल असं अंग कापायची ही रीत बोनसरावांना पटत नाही. निदान आमच्यात, ते म्हणतात, टक्का सगळ्यांना एकच असतो.

एका नातेवाइकाचा मात्र त्यांना तिटकारा आहे. सोनपापडीचा खोका. बोनस द्यायचा नाही, पण काही दिलं असं दिसायला हवं, तेव्हा मालक त्याला पाठवतो. तो चकचकीत कागदात येतो, बरोबर कंपनीच्या लोगोचं शुभेच्छापत्र असतं आणि तो या घरातून त्या घरात फिरत तुळशीच्या लग्नापर्यंत कुठे ना कुठे प्रवास करत असतो. बोनसराव त्याच्याबरोबर एका फोटोतही उभे राहत नाहीत.

जुन्या काळी त्यांचा थाट गिरणीच्या गेटावर बघायचा. आत खिडकीपाशी रांग, अंगठा किंवा सही, नोटा थुंकी लावून मोजणं. बाहेर दुसरी रांग : व्याज वसूल करायला आलेला पठाण, महिन्याचं जेवण घालणारी खाणावळवाली, कपड्याची उधारी टिपलेली वही घेऊन आलेला फेरीवाला. गेटापासून चाळीपर्यंतच्या वाटेवर बोनसरावांचं वजन निम्म्यावर यायचं. उरलेल्यात कोकणात मनिऑर्डर, पोरांना खाकी चड्डी, घरात एक स्टीलची कळशी. आज पठाणाच्या जागी ईएमआय उभा असतो. तो गेटावर थांबत नाही, थेट खात्यात शिरतो आणि बोनसराव चपला काढायच्या आत आपला वाटा उचलतो.

एवढं सगळं असून त्यांच्याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज खालच्या लोकांत नाही, वरच्या केबिनमध्ये आहे. तिथे मानतात, की बोनसराव येऊन गेले की माणसं खूश होतात आणि मार्चपर्यंत झपाटून काम करतात. दिवाळीनंतरच्या आढावा बैठकीत साहेब दुखावल्या आवाजात म्हणतात, ‘एवढा बोनस दिला, तरी यांच्यात उत्साह म्हणून नाही.’ बोनसरावांना हे ऐकून हसू येतं. त्यांनी उत्साहाचं काम कधी पत्करलंच नव्हतं.

फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे १९५९ मध्येच सांगून ठेवलंय. त्याने पिट्सबर्गच्या परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनिसांना विचारलं, की कामावर तुम्हाला फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं. उत्तरांच्या दोन वेगळ्या याद्या झाल्या. कंपनीची धोरणं, वरिष्ठाची वागणूक, कामाची जागा, पगार हे बिघडलं की माणूस वैतागतो, सुधारलं की वैताग थांबतो, बस. उमेद येते ती दुसऱ्या यादीतून : हातून काम नीट पार पडलं, कुणी त्याची दखल घेतली, जबाबदारी वाढली. बोनसराव पहिल्या यादीतले. आले नाहीत तर घर डोक्यावर घेतील, आले तर घर शांत राहील. शांतता म्हणजेच आनंद, हा साहेबांचा हिशेब.

आणि तरी बोनसरावांची एक ताकद आहे, ती या याद्यांत नीटशी बसत नाही. ते एकटे येत नाहीत. ज्याने आणलं त्याचा निरोप घेऊन येतात आणि माणसं रकमेच्या आधी तो निरोप वाचतात.

एका औद्योगिक वसाहतीतले दोन कारखाने घ्या, भिंतीला भिंत लागून. पहिल्यात शुक्रवारी रात्री अकराला मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. कुणी काही सांगितलं नव्हतं, कुणी काही सांगणार नव्हतं. आकडा गेल्या वर्षीपेक्षा कमी. शनिवारी सकाळच्या चहाला कुणीतरी म्हणालं, ऑफिसवाल्यांचा वाढलाय. दुपारपर्यंत ते छापून आल्यासारखं खरं झालं. सोमवारी मशिन चालू होत्या, पण अशा चालू होत्या की कानाने कळावं.

दुसऱ्यातही टक्का घसरलाच होता, पंधराचा बारा. पण प्रॉडक्शन मॅनेजर शिफ्ट बदलायच्या वेळी हातात स्लिपांचा गठ्ठा घेऊन खाली शॉपवर आला. लेथच्या बाजूला उभा राहिला आणि सांगितलं, मोठी ऑर्डर गेली, हिशेब असा असा आहे, बारा येतात, मला पंधरा हवे होते. कुरकुर झाली. व्हायचीच. मग एकेकाच्या हातात स्लिप. प्रेसवरच्या एका जुन्या माणसाने कॉटन वेस्टला हात पुसले, स्लिप घेतली, ओळीखाली बोट धरून वाचत गेला. हजेरीच्या दिवसांपाशी बोट थांबलं. ‘साहेब, जूनमध्ये बोट चेमटलं तेव्हाचे अकरा दिवस नाही धरले.’ कामावर झालेल्या अपघाताच्या रजेचे दिवस बोनससाठी हजेरीतच धरायचे असतात, कायदाच आहे. मॅनेजरने ‘बघू’ म्हटलं नाही. स्लिपवर पेनाने गोल केला, वर गेला आणि शिफ्ट सुटायच्या आत दुरुस्त स्लिप घेऊन स्वतः परत आला. फरक साडेतीनशे रुपयांच्या आसपासचा. त्या शॉपवर त्या वर्षी बारा टक्के कुणाच्या लक्षात राहिले नाहीत, अकरा दिवस राहिले.

बोनसरावांचं मर्म इथे आहे. माणूस स्लिप उलटसुलट करून पाहतो तेव्हा तो पैसे मोजत असतोच, पण आपल्याला कुणी मोजलंय का हेही पाहत असतो. माझे दिवस, माझा ओव्हरटाइम, माझं चेमटलेलं बोट या कागदात कुठे आहे? असेल तर बारा टक्के चालतात. नसेल तर वीसही झोंबतात.

म्हणूनच त्यांचा एक दोष लपवू नये. काही माणसं त्यांना दिसतच नाहीत. त्याच लाइनवर, तीच टोपी घालून उभा असलेला कंत्राटी पोरगा, रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड, संडास धुणारी मावशी. कायद्याने ठेकेदाराने त्यांनाही बोनस द्यायचा आहे. पण ठेकेदार फोन उचलत नाही, कंपनी म्हणते ते आमचे नव्हेत, आणि बोनसराव त्यांच्या शेजारून, ओळख नसल्यासारखे, पुढे जातात. दिवाळीच्या आदल्या दिवशी एकाच बाकावर एकाच्या हातात स्लिप आणि दुसऱ्याच्या हातात सोनपापडी दिसली, की त्या कारखान्यातल्या मनोबलाबद्दल सल्लागार बोलवायची गरज उरत नाही.

आणखी एक खोड सांगून ओळख पुरी करतो, कारण तुमच्या हाताखाली चार माणसं असतील तर ती तुमच्याच उपयोगाची. बोनसराव कुणाच्याही उपकाराचं ओझं घेऊन फिरत नाहीत. दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेजवर उभे राहून ‘कंपनीने या वर्षी मोठ्या मनाने’ असं सुरू करणाऱ्या साहेबांकडे ते बघतात ते १९१७ पासूनची सगळी वर्षं डोळ्यांत आणून. मोठं मन दाखवायचंच असेल तर ते दाखवायला वर्षाचे बाकी दिवस मोकळे असतात : चांगला निघालेला जॉब हातात घेऊन चार माणसांत बनवणाऱ्याचं नाव घ्यायला, मुलीच्या परीक्षेला रजा मागितली तर कपाळाला आठी न घालता द्यायला, चूक झाली तर केबिनमध्ये दार लावून बोलायला. ती कामं बोनसरावांच्या अंगावर ढकलू नका. ती त्यांना जमत नाहीत, आणि जमली असती तरी तुमच्याऐवजी त्यांनी का करावीत? त्यांना दिवाळीच्या आधी, पूर्ण हिशेबानिशी, ज्याचे आहेत त्याच्या हातात द्या आणि बाजूला व्हा. भाषण करायचं झालंच तर दोन वाक्यांत आटपा. लोकांना बाजारात जायचंय.